फाँ-कोरोसोल गाव रिकामे नाही, याबाबत

प्रति,
मा. मदत समन्वय अधिकारी,
वादळ मदत कार्यालय,
आँस-ब्लाँश, हैती.

विषय : संगणकाने रिकामे ठरवलेल्या आमच्या गावास शनिवारच्या होडीने पाणी व औषध मिळणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, "सदर गावी लोकवस्ती आढळून येत नाही."

महोदय,

मी सेंतानीज फिलोजेन, धंदा बाजारकरीण, राहणार फाँ-कोरोसोल, म्हणजे आपल्या मते कुठेच न राहणारी, सविनय कळवते की :

१. वादळात आमचा झरा गाळाने बुजला आणि गावात कॉलरा शिरला. आपली होडी आमच्या किनाऱ्यासमोरून सरळ पुढे गेली. आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलो. खलाशाने हात हलवून दाखवला, मेल्याने!

२. डोंगर ओलांडून चौकशीस आले असता आपल्या साहाय्यकांनी मला संगणक दाखवला. त्यात ते खोटे वादळ आणतात, खोट्या होड्या सोडतात आणि खरी मदत कुठे न्यायची ते ठरवतात. मोबाइल जिथे, माणूस तिथे, असा त्यांचा हिशेब. म्हणाले, "बाई, तुमचं गाव वादळाआधीच इथे बाजारात उतरलंय. शहाणी हो माणसं!"

३. महोदय, आमच्या गावात वीज नाही. दर शनिवारी सगळ्यांचे मोबाइल टोपलीत घालून मीच बाजारात जनरेटरवाल्याकडे चार्जिंगला आणते. शेजारचा ओदिलोन दरवेळी चिडवायचा, "जपून गं सेंतानीज, अख्खं गाव डोक्यावर घेऊन चाललीस!" त्या शनिवारी आभाळ फाटायला आलेले पाहून टोपली तिथेच ठेवून मी घरी पळाले. आपण बाजारात ज्यांच्या नावाने पाणी वाटता, ती माणसे नव्हेत, माझी टोपली आहे.

४. हे मी साहाय्यकांना बोटाने दाखवून सांगितले. उत्तर मिळाले, "मॉडेल पुन्हा पुन्हा चालवून बघितलं, गाव रिकामंच येतं." अहो, पुन्हा पुन्हा ते चालवण्यापेक्षा एकदा स्वतः चालत या की! उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकून होते. आपल्याकडे तर शेळ्याही पडद्यावरच्या.

५. ओदिलोन गेला. शेवटी नुसते पाणी मागत होता आणि आमच्याकडे पाजण्याजोगे नव्हते. आता त्याची बायको इलिओमा त्याच चटईवर पडली आहे. तिला तुमचा संगणक नको, उकळलेले पाणी आणि क्षारांची पाकिटे हवीत. शनिवारची होडी चुकली तर तीही जाईल, आणि ते पाप मी आपल्याच माथी मारणार, हे कृपया नोंद व्हावे.

सबब, होडी आमच्या किनाऱ्याला लावावी. न लावल्यास ती टोपली आपल्या घराच्या पायरीवर आणून ठेवीन. मग संगणकात अख्खे गाव आपल्या दारात तहानलेले उभे दिसेल. तेव्हा तरी दार उघडा.

आपल्या हिशेबात नसलेली,
सेंतानीज फिलोजेन
(सही व अंगठा दोन्ही, नंतर वाद नको)
गुरुवार, बाजारपेठ, आँस-ब्लाँश

सोबत : मोबाइल एक, कै. ओदिलोन यांचा. पूर्ण चार्ज करून चालू ठेवला आहे. आपल्या संगणकात तो अजून जिवंत आहे. त्याच्या वाटणीचे पाणी इलिओमाला द्यावे.