नटांवरची पिवळी रेघ

डहाणू, गुरुवार, संध्याकाळ

आमच्या शुभ्रवस्त्रा मोटारीला मेकॅनिक रमणभाईने पिवळे टिळे लावले, याचा मी गेल्या आठवड्यात रीतसर निषेध नोंदवला होता. ब्रेक बदलले, चाकं परत बसवली, तिथे थांबायचं ना! प्रत्येक नटावरून चाकापर्यंत ही ओबडधोबड रेघ कशाला?

"शोभेची नाय ती, साहेब. नट पक्का आवळला की रेघ मारायची. मधेच फोन आला तरी कुठला राहिला ते कळतं. कंपनीत पण असंच करतात. आणि रेघ तुटलेली दिसली तर समजा, नट फिरला."

जेवताना मी बायकोला, सुनंदाला, हे चेष्टेने सांगितलं. तिने लक्षात ठेवलं. आज ती शिकवते त्या तलासरीच्या शाळेतून निघताना तिने चाकं पाहिली, तर दोन रेघा तुटलेल्या! ती गाडीत बसलीच नाही. रमणभाईला फोन केला. तो पाना घेऊन तिकडे गेला, नट आवळले, नव्या रेघा मारल्या.

"निषेधाचं काय झालं, बातमीदार?" घरी येताच तिने विचारलं.

"मागे घेतला. चिकूची पेटी पाठवतो त्याला."

"घोलवडची पाठवा. बाजारातली नको."

दोन रेघा. हायवेवर, ट्रकांच्या मधे... नको तो विचार. रमणभाईचे उपकार, त्या पिवळ्या रंगाचेही.

पण खरं लिहायचं तर मला नटांची भीती नाही. सोमवारी गाडी चालवताना सुनंदाला चक्कर आली होती. डॉक्टरकडे जायचं ती टाळते आहे, आणि उद्या सकाळी पुन्हा एकटीच तलासरीला जाणार आहे.