घाबरलेला श्वास

लुनेनबर्ग,
१४ ऑक्टोबर

प्रिय व्हर्ना,

मोंक्टनची थंडी सोसतेय ना? इकडे सगळं ठीक. यंदा कोबीला मीठ नवरोबाने, क्लाइडनेच लावलंय, तेव्हा आपला आंबवलेला कोबी, सावरक्रॉट, देवाच्या भरवशावर. चर्चच्या गायकवृंदाला शिकवायला तुझ्या जागी आलेली मुलगी सगळ्यांना ‘छान, छान’ म्हणते. त्यामुळे कोणीच सुरात गात नाही.

माझ्या हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या चालू आहेत. फुप्फुसातली गाठ हृदयाला अगदी खेटून आहे. म्हणून किरण देताना श्वास भरून धरायचा. छाती फुगली की हृदय जरा बाजूला सरकतं आणि भाजण्यातून वाचतं. आईचं हृदय किती कमकुवत होतं ते तुला सांगायला नको. माझंही तसंच निघालंय.

हसू नकोस, पण श्वास घेण्यातच मी नापास झाले. तू शिकवलास तसा पोटातून घेतला, खांदे जागच्या जागी. मशीन सुरूच होईना. ते चालवणारी रोशेल म्हणाली, “मर्टल, स्कॅनच्या दिवशी घेतला होतास तोच श्वास हवा. सगळा आराखडा त्याच्यावर बेतलाय.”

“तेव्हा कसा घेतला होता?”

“छाती वर, खांदे कानाला. पार घाबरली होतीस, बाई.”

भीती आजही तेवढीच आहे गं. पण कोणी ‘श्वास घ्या’ म्हटलं की माझं शरीर गायला उभं राहतं. चाळीस वर्षांची तुझी शिकवण, ती अशी जाते होय? आज पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि शेवटी मला उठवलं. पुढच्या बुधवारी शेवटचा प्रयत्न. नाहीच जमलं तर श्वास न धरता किरण देणार, मग हृदय एवढं वाचणार नाही. क्लाइडला हे सांगितलेलं नाही. तो बाहेर गाडीत रेडिओ ऐकत बसतो.

फोन केला असता, पण तू दुसऱ्याला बोलू कुठे देतेस?

गाताना माझे खांदे फक्त एकाच प्रसंगी आपोआप वर जायचे. तू गाणं थांबवून नुसती माझ्याकडे बघायला लागलीस की. रोशेलला विचारलंय. तुला आत येता येणार नाही, पण बाहेरून माइकवर बोलता येईल.

बुधवारी ये. जास्त काही नको. एवढंच म्हण, “मर्टल, मी बघतेय.”

अजूनही तुला घाबरणारी,
तुझी धाकटी
मर्टल