न ढवळलेलं दूध

काका,

तुमच्या दुधाचा नमुना नापास झाला तो माझ्यामुळे. तपासणीचा नमुना घ्यायला मीच आलो होतो आणि डेअरीत सगळे बघत होते. पुतण्या म्हणून सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी घाईघाईने तुमच्या दुधाच्या टाकीच्या खालच्या तोटीतून बाटली भरली. दूध ढवळलंच नाही. साय वर राहिली, बाटलीत पातळ दूध आलं. आधी ढवळायचं हे लहानपणी तुम्हीच शिकवलं होतं. अहवाल वाचताच चूक कळली, पण साहेबांपुढे तोंड उघडलं नाही. तुमचा परवाना गेला.

काल हेच सांगायला दारात आलो होतो. काकू म्हणाली, "गाय विकली रे त्यांनी. म्हणाले, दोष तिच्यातच असणार. आपलं पोरगं चुकायचं नाही."

मी पाणी पिऊन परत आलो. हे पत्रही पेटीत टाकवणार नाही.

तुमचं पोरगं