चारला सुरू होणारा दिवस

पुणतांबा
फेब्रुवारी १९९६

प्रिय महेंद्र,

जयभीम. या घरातलं वायरिंग मी केलं, तुझ्या आईच्या शिलाई मशीनला मोटार मी बसवली, कारखान्याच्या वजनकाट्यावरचा स्टॅबिलायझर मी गुंडाळला, आणि कॉम्प्युटरवरची, कुठल्याही प्रोग्रॅमला जोडता येणारी ती वेळेच्या खिडक्यांची लायब्ररीही मीच लिहिली. क्लासला न जाता, एका फाटक्या पुस्तकावरून. तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी लिहितोय, कारण सावेडीत तुमच्या हापिसात ते कुणालाच ठाऊक नाही असं दिसलं.

परवा साखर कारखान्यानं मला तिथं तुमच्या कंपनीचं नवं पॅकेज बघायला पाठवलं. तू भेटशील म्हणून ताज्या गुळाची ढेप नेली होती. तू नव्हतास. एका साहेबांनी कुठल्याशा सूतगिरणीचा अहवाल पडद्यावर दाखवला, त्यात रातपाळी दोन ओळींत तुटून आली. साहेब हसून म्हणाले, "काका, छपाईची गडबड आहे ती." मी म्हटलं, छपाई अजून झालीच नाही, मूळ फाईल उघडा.

उसाच्या गाड्या पाळीवार मोजायला मी खिडकी केली तेव्हा तू शेजारी बसायचास. वेळेचा एक तुकडा, कधी उघडतो आणि किती मिनिटं उघडा राहतो, एवढंच तिच्यात. अवघड काम होतं ती फ्लॉपीवर उतरवून दुसऱ्या मशीनवर जशीच्या तशी उघडण्याचं. मध्यरात्री तारीख बदलली की रातपाळी मोडायची. आपल्या कारखान्याचा दिवस पहाटे चारला सुरू होतो, म्हणून फ्लॉपीवर मी मिनिटं मध्यरात्रीपासून न मोजता चारपासून मोजली. रातपाळी चारलाच संपते, मग मोडायचा प्रश्नच नाही.

गिरणीचा दिवस सातला सुरू होतो. त्यांच्या फाईलमध्ये सातला उघडणाऱ्या खिडकीपुढं १८० लिहिलेलं होतं. मध्यरात्रीपासून मोजलं असतं तर ४२० आलं असतं. १८० म्हणजे चारपासून. सूतगिरणीला पहाटेच्या चारशी काय देणंघेणं, सांग? त्यांची रातपाळी अकराला सुरू होऊन सातला संपते, म्हणून ती बरोबर चारला तुटत होती. ज्यानं उचललं त्यानं माझं चारचं शून्यसुद्धा तसंच ठेवलं.

येताना एसटीत आधी आमच्या हापिसातल्या चेतनवर संशय घेतला. फ्लॉपीची एक प्रत त्याच्या कपाटात असते. पण त्याला फाईलचं नाव बदलायचं तरी मला हाक मारावी लागते. मग आठवलं, मे महिन्यात तू आलास तेव्हा मी चहा घेऊन खोलीत शिरलो आणि तू कॉम्प्युटरचा पडदा काळा केलास. डोळे दुखतात म्हणालास. मी गुलाबपाणी शोधत बसलो. त्यानंतर फोनवर कामाचं विचारलं की तू आईच्या गुडघ्यावर विषय नेतोस. तुझ्या आईला, भिमाला, यातलं काही बोललो नाही. नुसतं विचारलं, पोरगं हल्ली काय लिहितंय, तर म्हणाली, "दादा, म्हशीनं दूध आखडलं तरी तुला कुनाचातरी हातच दिसतो. लई वाईट खोड हाय तुझी." असेल. या वेळी ती खोड खोटी ठरली तर मला आनंदच होईल.

लायब्ररी मागितली असतीस तर दिली असती की नाही, खरंच सांगता येत नाही. कदाचित आधी तुझी उलटतपासणी घेतली असती. पण विचारायला हवं होतंस.

मी फाईलवर बोट ठेवलं तसे साहेब मला आतल्या खोलीत घेऊन गेले, दार लावलं. म्हणाले, "भाच्यानं तुम्हाला न विचारता आणलं, कंपनीला पत्ता नव्हता, एवढंच लिहून द्या. त्याचं आम्ही बघतो, आणि लायब्ररीचे हक्क तुमच्याकडून रीतसर घेतो." कागद आधीच टाईप करून तयार होता; म्हणजे त्यांना आधीपासून पत्ता होता. त्यावर तुझं पूर्ण नाव होतं, माझ्या सहीला जागा होती. तुझ्यापुढंही असाच एखादा कागद येईल, त्यावर सही करू नकोस. आधी इकडे ये आणि माझ्या तोंडावर काय ते सांग. मी सही केली नाही. ते ऐंशी हजार देत होते.

तुझाच, रागावलेला तरी तुझाच,
कचरूमामा