पत्त्याचा रकाना

९ डिसेंबर, मंगळवार. शिरूर.
१. गेल्या मंगळवारी कुत्र्यांच्या नसबंदीची गाडी कंपनीच्या गेटवरून पाहुणीला घेऊन गेली.
२. फॉर्म इंग्रजीत. गेटवरच्या मुलाणी मामांना जमेना, म्हणून मी भरला.
३. शनिवारी तिला उचललं तिथेच सोडायचं होतं. गाडी आली नाही.
४. आज फोन लागला. "सोडली की मॅडम. फॉर्मवरच्या पत्त्यावर."
५. फॉर्मवरचा पत्ता केडगावचा. आधारवरचा. माझ्या घरचा.

कंपनीत दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टची मापं तपासते. स्वतः लिहिलेलं एकदा वाचलं नाही.

१० डिसें., बुध.
मामा जेवायला बसताना डब्याचं झाकण कट्ट्यावर दोनदा आपटतात. त्या आवाजाला ती कुठूनही येते. माझ्या हाकेला कधीच नाही. आजही आपटलं, वाट पाहिली, मग जेवले.
"पाहुणी म्हून आली आन् माझी खुर्ची बळकावली बघा. आता खुर्ची रिकामी, तर बसवत न्हाई." मग : "त्या गाडीवाल्यानं घात केला म्याडम. मुकं जनावर, रस्ता इचारणार कुणाला?"
मी "हो" म्हणाले.

११ डिसें., गुरु.
आईला फोन. शनिवारी कुणी कुत्री सोडली का?
"अगं, काळी कुत्री होती. दोन दिवस फाटकाशी बसलेली. नाताळसाठी घराला चुना चाललाय, बादलीत पाय घातला मेलीनं. पाणी मारून हाकलली."
कान? नसबंदीची खूण तिथेच करतात.
"टोक कापलेलं. तुला गं कधीपासून कुत्र्यांचं एवढं?"
तीन वर्षांपासून. फोनमध्ये ४१ फोटो. आईला एकही पाठवला नव्हता. मी काही सांगत नाही, ही माझी सवय. एक फोटो पाठवला असता तर

१४ डिसें., रवि. केडगाव.
शिरूरहून न्हावरा, चौफुला, घर. पाहुणीला परत चालत यायचं तर मध्ये भीमा आणि पुलावर उसाच्या ट्रॉल्या.
साडेचारला दिसली. स्टेशनमागच्या उसाच्या कडेला. बारीक झालीय. पायाला चुना अजून आहे.
माझ्या डब्याचं झाकण दगडावर दोनदा आपटलं. तिने कान टवकारले. माझ्याकडे पाहिलं. उसात शिरली.
शेतवाले आप्पा म्हणाले, "तोडणीची टोळी आलीय. सोमवारी बावीसला ह्यो फड तुटणार. मग कुठली ऱ्हातीय ती हितं."
आईने फाटकाशी भाकरी ठेवली. निघेपर्यंत तशीच होती.

१६ डिसें., मंगळ.
मामांनी आज झाकण आपटलं नाही. अर्धी भाकरी मात्र बाजूला काढली.
"तुमी लई फोन केलं तिच्यासाठी म्याडम. आजकाल कोण करतंय?"
दिसली, हेही सांगितलं नाही. ते सांगितलं की केडगाव का, ते सांगावं लागणार.

१७ डिसें., बुध.
तोंडाने जमणार नाही. लिहून डब्यावर ठेवते. मसुदा :

मुलाणी मामा,
पाहुणी जिवंत आहे. केडगावला, स्टेशनमागच्या उसात. फॉर्मवर पत्ता मी चुकीचा लिहिला. गाडीवाल्याने घात केला नाही. मला नऊ तारखेपासून माहीत होतं.
ती माझ्याकडे येत नाही. सोमवारी ऊस तुटेल. रविवारी सकाळी सातला मी स्टँडवर असेन. तुमचा डबा घेऊन याल का?
माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका. येणार की नाही, तेवढं शनिवारपर्यंत, २० तारखेपर्यंत, कळवा.