लेकीच्या मापाची सायकल

बाई, तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी अजून उभा राहतो. आत्ता सांगलीच्या घरात खिडकीशी खुर्ची ओढून बसलोय, पण मनानं वर्गातल्या बाकाशेजारी उभा आहे, हाताची घडी घालून. विषय सायकलीचा आहे. तुम्ही म्हणाल, या म्हाताऱ्याला आता सायकल कुठून सुचली? मला नाही, माझ्या मुलीला सुचली. ती साताऱ्यात असते, सरकारी कचेरीत आहे, चाळिशी उलटलीय, आणि उंचीनं बरोबर तुमच्याएवढी. फळ्यावरच्या पहिल्या ओळीसाठी तुम्ही टाचा उचलायचात ना, तशी ती बँकेच्या खिडकीशी उचलते. तर ही माझी एवढीशी मुलगी रविवारी पहाटे चार मैत्रिणींबरोबर यवतेश्वरचा घाट सायकलीनं चढते आणि वर गेल्यावर दगडगोट्यांच्या वाटांनी हिंडते. त्यासाठी डोंगरातली वेगळी सायकल असते, जाड टायरांची, गियरची. तिला आजवर ती नवऱ्याची चालवावी लागत होती. जावई ताडमाड.

हे सगळं मला तिच्याकडून कळायला हवं होतं. कळलं तिच्या सासऱ्यांकडून. आमचे व्याही सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आवाज अजून परेडच्या मैदानावरचा. त्यांचा फोन आला. "पाव्हणं, शनवारी या की साताऱ्याला. सूनबाईला सायकल घ्यायचीय. लय तरास व्हतोय पोरीला. हाताला मुंग्या येत्यात, मान धरती. परवा उतारावर बिरेकला बोटंच पुरंनात, कठड्यापतूर गेली हुती. मी मागनं स्कुटरवर हुतो, काळीज तोंडात आलं बघा."

मी विचारलं, "मुंग्या येतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनंच की. संध्याकाळी च्या घेताना सांगती समदं."

समदं! मला ती रोज फोन करते आणि म्हणते, "मी मजेत, अण्णा. गोळी घेतलीत का?" मुंग्या त्यांच्या वाट्याला आणि गोळी माझ्या. फोन ठेवल्यावर मी घरात कुणाशी धड बोललो नाही. बायको म्हणाली, "जाऊन या एकदाचे. नाहीतर आठवडाभर तोंड पाडून बसाल आणि मला वाटेल माझ्या आमटीत मीठ कमी पडलं."

तुम्ही माझा हा स्वभाव पहिल्यांदा ओळखलात. सातवीतली गोष्ट. कवितेच्या तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलानं अशी चाल धरली की खिडकीबाहेर घंटा द्यायला निघालेला शिपाईसुद्धा थांबला. सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता, मी वहीत रेघोट्या ओढत होतो. तुम्ही जवळ आलात, हळू आवाजात म्हणालात, "दुसऱ्याचा गळा गोड असला म्हणून आपला बसत नाही रे." वर्गाला ऐकू गेलं नाही, म्हणून जास्त लागलं. पुढे कुपवाडच्या कारखान्यात स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजून देताना मी जन्मभर शाळेतल्या कविता गुणगुणल्या, त्या तुमच्याच चालींवर. पण टाळी वाजवायला शिकलो नाही. शिकलो असं वाटत होतं.

आणि तुमची सायकल. तिची आठवण मला शनिवारी साताऱ्याच्या एसटीत कराडपर्यंत पुरली. लेडीज सायकल होती, पण कुठल्या तरी उंच बाईसाठी बनवलेली. सीट पार खाली ओढलेली, तरी तुमचे पाय पायडलाला चवड्यांनीच लागायचे. हँडल लांब, त्यामुळे तुम्ही नेहमी फळीवरचा डबा काढत असल्यासारख्या दिसायचात, खांदे कानाला टेकलेले. शाळेपाशी आलात की पिंपळाच्या पाराशी सायकल नेऊन, पाराच्या दगडावर पाय ठेवून उतरायचात. तास सुरू झाला की खडू हातात घेण्याआधी मनगटं चोळायचात. आम्हाला वाटायचं, ती तुमची सवय आहे. सायकलला माप असतं हे कुणाला ठाऊक होतं? चपलेला माप, पोलक्याला माप, सायकल मात्र एक बायकांची आणि एक पुरुषांची. तिच्यावर बसणाऱ्यानं काय ते जुळवून घ्यायचं.

मी त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा मुलगी, व्याही, विहीणबाई सगळे स्वयंपाकघरात होते. मुलगी सांगतेय, सायकल घेण्याआधी पायाचं खरं माप घ्यायचं. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांमध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक धरायचं, जांघेला टेकेपर्यंत वर घ्यायचं आणि पुस्तकाची वरची कड भिंतीला लागेल तिथे खूण करायची. खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे आपलं माप. विहीणबाई पेन्सिल घेऊन तयार. मुलीनं फडताळातून एक जाडजूड पुस्तक काढलं, आणि बाई, ते माझं होतं. जुन्या वाचनमालांतली कवितांची पानं गोळा करून मी शिवून, बांधून घेतलेलं, तिच्या लग्नात दिलेलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात परेडच्या मैदानावरचा आवाज आला.

"ए पोरी! त्ये न्हाई. इद्या हाय ती. पायात धरत्यात व्हय? तुझ्या बापानं दिल्याली वस्तू!"

"बाबा, जाड तेवढंच आहे घरात."

"मग गवंड्याची लेवल आणतो. थांब."

त्यांनी पुस्तक तिच्या हातातून घेतलं, कपाळाला लावलं, जागेवर ठेवलं आणि माळ्यावरून पाणसळीची पट्टी काढून आणली. माझ्या पुस्तकाचा मान राखायचा, तोही त्यांनीच राखला. आणि ती त्यांना बाबा म्हणते. लग्नानंतर बोलायची एक रीत म्हणून म्हणत असेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

माप घ्यायचं म्हणून आम्ही दोघे पुरुष व्हरांड्यात आलो. ते म्हणाले, "पाव्हणं, त्या पुस्तकातल्या कविता म्हणती ती कवा कवा. भांडी घासताना."

"तुम्हाला कळतात?" मी विचारलं. मुद्दामच.

"कळत न्हाईत. पर चाल लय ग्वाड हाय."

तुमची चाल, बाई. मी सांगलीत ऐकायला कान लावून बसलोय आणि ती पडते त्यांच्या कानावर, भांड्यांच्या आवाजात.

सायकलींचं दुकान चढाच्या रस्त्यावर आहे. दुकानदार तोंडाचा गोड. मुलीकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "ताई, मिडियम साइज घेऊन टाका. सीट खाली करून देतो, विषय संपला."

"सीट खाली केली की उंची कमी होते, लांबी नाही," मुलगी म्हणाली. "माझे हात कुठून वाढवू?"

व्याह्यांना ती मिडियमच पसंत पडलेली. चाकं भली मोठी. "दगडावरनं रणगाड्यागत जाईल," ते म्हणाले. मुलगी तिच्यावर टांग टाकून नुसती उभी राहिली तर मधली दांडी टेकली. "घाटात एकदम पाय टाकावा लागला तर? खाली चार बोटं तरी जागा मोकळी पाहिजे, बाबा." मला आतून गुदगुल्या झाल्या. आता माझी पाळी. भिंतीशी एक जांभळ्या रंगाची होती, दांडी खाली उतरलेली, जाईच्या वेलीसारखी वळलेली. तिच्यावर मला तुम्ही दिसलात, पाराचा दगड न शोधता उतरणाऱ्या. मी म्हटलं, "ही बघ. ही खास बायकांची दिसते." मुलगी बसली, पाय टेकले, मी व्याह्यांकडे बघितलं. तिनं पुढच्या चाकाच्या स्प्रिंगवर सगळा भार टाकून दोनदा दाबलं. स्प्रिंग हलली नाही. "माझ्या वजनाला ही दबतच नाही, अण्णा. दगड आला की सगळा दणका मनगटात येणार. आणि हँडल बघा, तेवढंच लांब. रंग बायकांचा, माप पुरुषाचं." व्याही खोकले. त्यांचं ते खोकणं मला चांगलं समजलं.

मग तिनं स्वतःच, कोपऱ्यात दोन सायकलींच्या मागे अडकलेली एक मातकट रंगाची बाहेर काढायला लावली. ना बायकांची, ना पुरुषांची, फक्त लहान मापाची. दांडीखाली जागा मोकळी. कोपर किंचित वाकलेलं, खांदे आपल्या जागी. बसायची गादी रुंद हवी म्हणाली, दुकानदारानं ती बदलली. ब्रेकच्या मुठीशी एक बारीक स्क्रू असतो, तो तिनं त्याला फिरवायला लावला, ब्रेकची पट्टी बोटाकडे सरकत सरकत आली. ती डोळे मिटून बोट टेकवून बघत होती आणि मी तेव्हा काय मागत होतो, सांगू? पट्टी पोहोचू नये. एकही सायकल तिला बसू नये. मग मी म्हणणार होतो, "चल सांगलीला, माझ्या ओळखीचा एक आहे, तिथे बघू." ती चार दिवस राहिली असती. संध्याकाळचा चहा आमच्याकडे झाला असता. वाक्य तोंडात तयार होतं, बाई. बोट पट्टीवर टेकलं.

"चढावर बघून येते," म्हणून ती निघाली. पिशवी तिनं व्याह्यांच्या खांद्याला अडकवली. मी मोकळे हात घेऊन उभा. ती चढाच्या वळणाआड गेली, बराच वेळ दिसेना, मग वरून आली ती अशी की दुकानापुढे थांबेल असं वाटावं आणि थांबली नाही. "बाबा, अण्णा, अजून एक फेरी!" बाबा आधी, अण्णा नंतर. मी ते ऐकलं, पण वाईट वाटायच्या आत तिचं तोंड दिसलं. कविता पाठ म्हणून झाल्यावर लहानपणी व्हायचं तसं झालं होतं.

व्याही तिच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान आला. "आपलं काय चाललं न्हाई बघा, पाव्हणं. ना तुमचं, ना माझं."

"चालायचंच," मी म्हणालो.

"आणि सकाळच्याला काय म्हणली ठावं हाय का? बाबा, मापाची सायकल मिळाली की तुमी मागनं स्कुटर घिऊन येऊ नका. बायका हसत्यात." त्यांनी पिशवीचा बंद उगाच सारखा केला. "दर रविवारी जायाचो वो मी. पान्याची बाटली घिऊन."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मुलींचं असंच असतं," म्हणालो, अगदी जाणत्या माणसासारखा. त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी मला चहाला नेलं आणि पैसे मला देऊ दिले नाहीत. परतीच्या एसटीत मी कराड येईपर्यंत हसत होतो.

हे तुम्हाला पोहोचणार नाही, म्हणूनच लिहिलं. तुम्ही हयात असता तर मी वळणदार अक्षरात कळवलं असतं, की लेकीला तिच्या मापाची सायकल मिळाली, बापाला फार आनंद झाला. झाला ना, बाई. खरंच झाला. पण तो नंतर. आधी झाला तो व्याह्यांचं तोंड उतरलेलं बघून.