झोळीचं मागचं टोक

माय,

तुला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी लिहिते आहे. दुसऱ्या कोणाला सांगू? पोरांचा बाप सुरतेला गेला तो गेलाच. आणि भाऊ? तुझ्या दहाव्याला जेवला, पान खाल्लं आणि पाचोऱ्याची एसटी धरली!

तुला जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तोच मुकादमाने कापसाच्या जिनातली तुझी जागा मला दिली. तीच गोणपाटाची झोळी. पुढचं टोक नथूआबांच्या हातात, मागचं माझ्या. मध्ये कपाशी. ढिगापासून मशीनपर्यंत दिवसभर वाहायची. गडी पुढे, बाई मागे, हा तिथला रिवाज. पुढच्याला ओझं जास्त लागतं का गं? उलट त्याच्या पायाची धूळ आणि उडालेली रुई मागचीच्याच नाकात जाते. तुझा खोकला तिथूनच आला होता. औषधापायी तुझा सोनगीरचा पितळी हंडा मोडीत विकला, तरी खोकला थांबला नाही.

काल शनिवार, पगार झाला. नथूआबांना रोजाचे तीन रुपये, मला दीड. मी म्हटलं, "मुकादम, झोळी तं एकच शे ना?"

तो म्हणतो कसा, "बाईनं पोट धाकलं ऱ्हास. तुले कितलं लागस?"

बाईचं पोट म्हणे लहान! सगळे हसले, बायासुद्धा. नथूआबा तेवढे हसले नाहीत. तंबाखू चोळत उभे राहिले.

मग मला ते आठवलं. दोन वर्षांपूर्वी तू घरी येऊन म्हणालीस, "मी आज मुकादमाला विचारलं, मला निम्मेच का?" आणि मी, तिसरी शिकलेली शहाणी, तुझ्यावरच खेकसले. "गप बस ना माय, आहे ते कामही घालवशील!" तू गप्प बसलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस. का ऐकलंस माझं?

पण खरं दुखलं ते पुढेच. काल घरी आले, चुलीवर तीन भाकरी झाल्या. सवयीने दोन पोराच्या ताटात टाकल्या, एक चिंगीच्या. स्वतःसाठी तुझंच वाक्य, "मी खाल्लं." चिंगीने भावाच्या ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "माय, मन्हं पोट धाकलं शे का?"

माझ्या हातातलं कालवण सांडलं गं!

तिला कोणी शिकवलं हे? मुकादमाने नाही. तूही असंच वाढायचीस. भाऊला दोन, मला एक, आणि तू पाणी पिऊन उठायचीस. मी कधी विचारलं नाही, मला वाटायचं जगाची रीतच ती. राग येतो माय तुझा. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतो. आणि लगेच तुझी हाडं निघालेली पाठ आठवते, मग काय करू?

उद्या सोमवार. मी बोलले तर हाकलतील. फाटकाबाहेर रोज दहा बाया ताटकळत असतात, त्यातली एक माझं टोक धरेल. डब्यात दोन दिवसांचं पीठ आहे. नाही बोलले, तर चार वर्षांनी हेच टोक चिंगीच्या हातात येईल. सांग ना, कोणत्या बाजूने मरू?

आज दुपारी पुन्हा तीनच भाकरी केल्या. तिघांना एकेक वाढली. पोरगं कुरकुरलं, त्याला म्हटलं, कुरकुर. मीही खाल्ली, माय. तुझ्यासारखं खोटं बोलले नाही.

उद्या भोंगा झाला की मी झोळीपाशी जाईन. मागचं टोक जमिनीवरच ठेवीन आणि तू विचारलं होतंस तेच विचारीन. एका टोकाने झोळी उचलत नाही, हे नथूआबांनाही कळेल आणि मुकादमालाही. पुढे काय होईल मला माहीत नाही. पण या वेळी तुला गप्प बसवणार नाही, एवढं वचन घे.

तुझी,
सुमन